बिनक्लचची गाडी

आमच्या घरात गाडीचा विषय निघाला की आप्पांचा आवाज आपोआप चढतो. आप्पा म्हणजे माझे वडील. लातूरकडून तरुणपणी पिंपरीत आले, कंपन्यांच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागले आणि रिटायर होईपर्यंत त्यांच्या हातचं स्टिअरिंग सुटलं नाही. निगडी, पिंपरी, भोसरी करत चाकणला पहिली शिफ्ट पोचवायची आणि सुटलेल्या माणसांना घेऊन परत यायचं, यात हयात गेली. त्यांनी गिअर बदलला तरी बसमध्ये झोपलेला माणूस जागा होत नसे, अशी त्यांची ख्याती. ही ख्याती आम्हाला मुख्यतः त्यांच्याच तोंडून कळलेली.

मी महाळुंग्याच्या एका कारखान्यात. गिअर कापायच्या मशिनवर लागलो, आता तिथेच तपासणीला आहे. म्हणजे बापाने आयुष्यभर गिअर टाकले आणि मुलगा ते बनवतो. त्यामुळे आमची जुनी छोटी गाडी काढून एखादी मोठी, वापरलेली गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा ती गिअरचीच असणार, हे आम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. घरात पाच माणसं. आप्पा, आई, मी, बायको आणि कॉलेजात जाणारी लेक. छोट्या गाडीत मागे तिघं बसली की लेकीचे गुडघे हनुवटीला लागायचे.

बायकोचं मत मात्र वेगळं होतं. ती हिंजवडीला नोकरी करते आणि छोटी गाडी रोज तीच नेते.

"सकाळी वाकडच्या पुलाखाली मी जेवढ्या वेळा क्लच दाबते, तेवढे घोट पाणी तर दिवसभरात पीत नाही," ती म्हणाली. "मला ऑटोमॅटिक हवी."

"ती गाडी न्हवं, पाळणा हाय," आप्पा म्हणाले. "मानसाला गाडीत काम पायजे. न्हाईतर झोप लागती."

कंपनीत चहाला मी हा वाद सांगितला तर तिथेही सगळे आप्पांच्याच बाजूचे. "भावा, आपण गिअर बनवायचे आणि तूच बिनगिअरची घेणार? आपल्याच पोटावर पाय?" ऑटोमॅटिकमध्येही गिअर असतात, फक्त ते आपले आपण बदलतात, हे तिथल्या प्रत्येकाला माझ्याइतकंच माहीत होतं. पण चहाच्या वेळी खरं बोलायची पद्धत नाही.

पहिली गाडी बघितली ती चिंचवडला, जुन्या गाड्यांच्या दुकानात. चांदीच्या रंगाची, उंच, गिअरची. आप्पांनी ती स्पाइन रोडला घातली आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. रिटायर झाल्यापासून त्यांचे खांदे जरा उतरले होते, ते सरळ झाले. डावा पाय क्लचवर असा पडत होता की पडलेला कळू नये, आणि हात गिअरवर न बघता, न चाचपडता जात होता.

"मलईवानी पडतोय," ते म्हणाले. "घेऊन टाक."

मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मागून बायको म्हणाली, "आप्पा, अजून एकच गाडी बघू. ताथवड्याला आहे, ऑटोमॅटिक. ती बघा आणि मग तुम्ही म्हणाल ती घेऊ." सुनेनं असं म्हटल्यावर आप्पांना मोठेपणा घेणं भागच होतं.

ताथवड्याची गाडी एका कॉलेजात शिकवणाऱ्या सरांची होती. त्यांची नागपूरला बदली झाली होती, म्हणून ते गाडी काढत होते. गर्द निळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कापड घालून ठेवलेली. सरांनी कौतुकानं कापड काढलं. मान म्हणून आप्पा आधी स्टिअरिंगवर बसले, शेजारी सर, मागे मी, बायको आणि आई. लेक क्लासला गेली होती. सरांनी आप्पांना सगळं नीट समजावलं. आप्पांनीही "व्हय, व्हय" म्हणत मान डोलावली. ऐकलं किती, ते पुढच्या वळणावर कळलं.

गेटबाहेर पडून गाडी जरा वेगात आली आणि आप्पांच्या डाव्या पायानं सवयीनं क्लच दाबला. क्लच नव्हताच. त्या जागी रुंद ब्रेक होता आणि तो त्यांनी क्लचसारखा पार तळाला नेला. गाडी जागच्या जागी खिळली. सरांचा चष्मा त्यांच्या मांडीत पडला, बायकोचं कपाळ पुढच्या सीटला टेकलं आणि आईनं माझा दंड धरला. नशीब, मागे कोणी नव्हतं.

सरांनी मांडीतला चष्मा उचलला. मग आप्पा गंभीरपणे म्हणाले, "क्लच लई कडक हाय."

"काका, तो ब्रेक आहे," सर चष्मा पुसत म्हणाले. "यात क्लच नसतोच."

"मंग डाव्या पायानं करायचं काय?"

"काही नाही. त्याला आराम द्यायचा."

आम्ही हसायला लागलो. सरही हसले. आणि त्या हसण्यातून आईचा आवाज आला.

"म्हंजे यात डावा पाय लागतच न्हाई?"

आईच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. तो पाय बारीक राहिला. चालताना ती गुडघ्यावर हाताचा तळवा दाबून पाऊल टाकते. आम्ही तिला तसंच बघत आलो, त्यामुळे आम्हाला त्यात काही वेगळं दिसत नाही. त्या पायावर तिनं पिंपरीत एका खानावळीत वर्षानुवर्षं चपात्या लाटल्या, मला वाढवलं, जिने चढली. सायकल, स्कूटर मात्र तिच्या वाट्याला कधी आली नाही. कुठे जायचं तर आप्पांनी न्यायचं, नाहीतर मी. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. गाडीत बसली की ती खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचायची.

"नाही लागत, काकू," सरांनी मागे वळून सांगितलं. "सगळं उजव्या पायावर. एक ब्रेक, एक ॲक्सिलरेटर."

"उजवा तर माजा दगडावानी हाय," आई म्हणाली. "मग मला येईल की."

आप्पांनी आरशातून तिच्याकडे बघितलं. "तुला गाडी चालवायची हाय?"

"आजवर इचार केला न्हवता," आई म्हणाली. "आत्ता करालेय."

मला हसू आलं नाही. बायकोनं आईचा हात घट्ट धरला होता.

पार्किंगमध्ये परत आल्यावर सर स्वतःहून म्हणाले, "काकू, पुढे येऊन बसून तर बघा." आई उतरली, गाडीला धरत धरत पुढे गेली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सरांनी सीट पुढे ओढून दिली, उंच केली. गाडी बंद होती, तरी तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी पकडलं. डावीकडे पाय टेकवायला एक सपाट जागा असते. तिचा पाय तिथे जाऊन टेकला. तिनं समोरच्या काचेतून भिंतीकडे बघितलं. भिंतीवर पाण्याच्या टाकीचा नंबर लिहिला होता, बाकी काही नव्हतं. पण समुद्र बघावा तशी ती बघत होती.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. मी आप्पांना विचारलं, "मग, कुठली?"

आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकला. "चांदीवाल्याला फोन लाव," ते म्हणाले. "म्हनावं, दुसरं गिऱ्हाईक बघ."

निळी गाडी घरी आली. आता आईला शिकवायचं कोणी, हा प्रश्नच नव्हता. घरात एवढा जुना ड्रायव्हर असताना दुसऱ्या कोणाचं नाव कोण घेणार? रीतसर शिकाऊ लायसन काढलं, डॉक्टरांचा दाखला घेतला, काचेवर 'एल' हे लाल अक्षर चिकटवलं. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, तेव्हा एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर कुत्रीसुद्धा निवांत झोपलेली असतात. त्यातला एक रस्ता आम्ही धरला.

गिअरच्या दांड्याजवळची इंग्रजी अक्षरं आईनं आपल्या पद्धतीनं लावून घेतली. पी म्हणजे पडून राहा. आर म्हणजे रिवस. एन म्हणजे नुसतं. डी म्हणजे दामट. लेक हे ऐकून सीटवर लोळली.

"दामट," आई स्वतःलाच म्हणाली आणि ब्रेकवरचा पाय काढला. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की आपली आपण हळूहळू चालायला लागते. तशी ती चालली. आई ओरडली, "अगं बाई, निघाली!"

पण आप्पा मास्तर म्हणून वाईट निघाले. शेजारी बसून ते दोन्ही पायांनी रिकाम्या जागेत ब्रेक आणि क्लच दाबत होते, वरचं हँडल धरून "आगं, आगं, आगं" म्हणत होते. रस्ता सरळ, रिकामा, दोन्ही बाजूला बंद शेड. तरी त्यांना दर दहा फुटांवर संकट दिसत होतं. "डावीकडं! लई डावीकडं झालं! आता उजवीकडं! ब्रेक! कशाला ब्रेक मारलास?"

आईनं गाडी कडेला घेतली, पीमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि शांतपणे म्हणाली, "ओ, तुमी मागं बसा. सूनबाई, तू ये पुढं."

मी आणि लेकीनं खिडकीबाहेर बघितलं, कारण हसू आवरत नव्हतं. आप्पा उतरले, दार जरा जोरात लावलं आणि मागे येऊन बसले. बायको पुढे गेली. ती फारसं बोलायची नाही. "आई, आरसा बघा," एवढंच अधूनमधून. आणि गाडी सरळ चालायला लागली.

आप्पा पुढे वाकून आईचे स्टिअरिंगवरचे हात बघायला लागले. मग हळूच माझ्या कानात म्हणाले, "हात बरा हाय तिचा. उगं हिसका देत न्हाई."

"तिला सांगा की."

"न्हाई, लगीच न्हाई. चढंल."

त्या रस्त्यावरच्या एका बंद कंपनीचा वॉचमन आम्हाला ओळखायला लागला. गुरुवारी आमची गाडी दिसली की खुर्ची गेटबाहेर आणून बसायचा, क्रिकेटचा सामना बघायला बसावं तसा. एकदा आई यू-टर्न घेत असताना एक ट्रेलर आला. वळण काही एका दमात बसेना. पुढे, मागे, पुन्हा पुढे. ट्रेलरवाला हॉर्न न वाजवता थांबून राहिला, आणि गाडी वळली तेव्हा त्यानं बाहेर हात काढून दारावर थाप मारली. वॉचमननं टाळ्या वाजवल्या. आईनं दोघांनाही पुढाऱ्यासारखा हात केला.

परीक्षेच्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी आईला गाडीपर्यंत चालत येताना बघितलं, मग हातातला दाखला बघितला, मग गाडी बघितली. "ऑटोमॅटिक ना? मग चालवा, मावशी," ते म्हणाले. आम्ही लांब कुंपणापाशी उभे होतो. मी कुंपणाची तार धरून ठेवली होती. आप्पा तर पाठ फिरवून उभे राहिले, "झालं की सांग" म्हणून. गाडी गेली, वळली, मागे आली, थांबली. साहेब काहीतरी बोलले आणि आई मान मागे टाकून हसली. नंतर विचारलं तर कळलं, त्यांनी विचारलं होतं, "कुणी शिकवलं?" आणि आईनं सांगितलं होतं, "सुनेनं. नवऱ्याला मागं बसवलं तवा आलं."

लायसन हातात आल्यावर पहिली लांबची फेरी कुठे, यावर आम्ही देवाची वगैरे ठिकाणं सुचवत होतो. आईचं आधीच ठरलं होतं. खानावळीत तिच्याबरोबर चपात्या लाटणाऱ्या तिच्या मैत्रिणी, आता सगळ्या सासवा आणि आज्या झालेल्या. त्यांना घेऊन चाकणच्या पुढे डोंगराच्या बाजूला जायचं, शेताच्या कडेला बसून भाकरी खायची आणि परत यायचं.

"मी येतो ना बरोबर," मी म्हणालो.

"बायाच बाया हायेत. तू कशाला?"

सकाळी त्या आल्या. इरकली, सुती, एकीनं तर लग्नातली पैठणी नेसलेली. डबे, चटया, पाण्याच्या बाटल्या. एक मैत्रीण चढताना म्हणाली, "लई उंच हाय गं." आई सीटवर बसून म्हणाली, "आपन आता उंचच बसायचं." गाडी सोसायटीच्या गेटमधून डाव्या हाताचा सिग्नल देत बाहेर पडली. आप्पा वळणापर्यंत चालत गेले, ती दिसेनाशी होईतो.

दुपार टळली, ऊन उतरलं, तरी गाडी नाही. फोन लावला तर आईनं उचलला नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे तिला आप्पांनीच बजावलं होतं. दुसऱ्यांदा लावला तेव्हा मैत्रिणींपैकी एकीनं उचलला. मागून गाण्याचा आवाज येत होता.

"कुठं आहात?"

"चाकणच्या चौकात. गाड्याच गाड्या. हलत न्हाई कायबी."

"आई कंटाळली असेल ना?"

"कंटाळती कशाची! ती तर म्हनती, लगीच सुटलं तर लगीच घरी जावं लागंल." मग मोठ्यानं हसण्याचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.

दिवेलागणीला निळी गाडी गेटमधून आत आली. खिडक्या उघड्या, आतून गाणं चालूच. एकेक बाई आपापल्या घराजवळ उतरली होती, शेवटच्या दोघी राहिल्या होत्या. आईनं गाडी आमच्या जागेपाशी आणली आणि मागे घ्यायला लागली. आप्पा लगबगीनं गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले, पत्र्यावर हलकी थाप मारत. "येऊ द्या... येऊ द्या... अजून... बास!"

गाडी दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये थांबली. आई दार उघडून उतरली, गुडघ्यावर हात ठेवून सरळ उभी राहिली. चेहरा उन्हानं रापला होता, केसांत कुठलंसं रानफूल होतं.

"मागची सीट झाडून घे रं," ती मला म्हणाली. "कनसं खाल्ली आमी गाडीत. आन चटया काढ, त्याला माती लागलीय."

मी मागचं दार उघडलं. सगळीकडे कणसाचे सोनेरी केस पडले होते आणि गाडीला भाजलेल्या कणसाचा, मिठाचा, लिंबाचा वास येत होता.