सोपवलेला बाजार

साठीला टेकल्यावर मी मुक्त विद्यापीठात पदवीसाठी नाव घातलं आणि विषय घेतला संघटनात्मक नेतृत्व. पहिलाच स्वाध्याय असा, की घरातलं एक काम दुसऱ्यावर पूर्ण सोपवायचं आणि मध्ये बोलायचं नाही. यजमान नुकतेच निवृत्त झाले होते. म्हटलं, मासळी आणणं त्यांच्याकडे देऊ, म्हणजे अभ्यासाला सकाळ मोकळी मिळेल.

ते निघाले आणि पाठोपाठ ही भावी पदवीधर तोंडावर छत्री धरून मासळीबाजारात हजर. ते बांगड्याचे कल्ले उघडून बघत होते, बरोबरच बघत होते. मी मात्र लांबून हात हलवत होते, तो नको, शेजारचा वाटा.

मासेवालीने सरळ मलाच विचारलं, "वहिनी, नक्की कुठला देऊ ह्यांना?"

यजमान वळले. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "घे, मॅनेजरबाई. मी घरी जाऊन पेपर वाचतो."

स्वाध्यायाला उत्तम शेरा मिळाला, कारण स्वाध्याय मी बाजाराच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. यजमानांनी पुन्हा बाजाराचं नाव काढलं नाही. आता गुडघे दुखतात, तरी मासळीला मीच जाते, आणि त्या साठीच्या शहाणीला वाटेभर शिव्या घालते.