थंड खोलीतले जोडे

सुतळीमामाला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. जन्मभर त्याने दुसऱ्यांचं सामान बांधलं. कुणाची बदली झाली, कुणाचं भावाशी फाटलं, कुणाला मोठं घर मिळालं, की मामा पुठ्ठ्याची खोकी, जुनी वर्तमानपत्रं आणि सुतळीचा गुंडा घेऊन दारात हजर. काचेचा पेला तो असा गुंडाळायचा की जिन्यावरून गडगडत गेला तरी त्याला पत्ता लागू नये. त्याने मारलेली गाठ घरमालकाला सुटायची नाही. ती सोडायला पुन्हा मामालाच बोलवावं लागायचं, आणि तोही बोलवायची वाटच बघत असायचा.

धंद्यात त्याचा एक नेम होता. खोक्यात जे असेल ते खोक्यावर लिहायचं नाही. चांदीच्या भांड्यांवर तो लिहायचा 'गंजकी बिजागरं'. रेशमी साड्यांवर 'उंदरांचे सापळे'. ट्रकवाले, हमाल, जिन्यात उगाच उभे राहणारे शेजारी, सगळ्यांना वाचता येतं आणि घोटाळा तिथेच आहे, असं त्याचं म्हणणं. एकदा एका बाईंच्या नव्या घरापुढे, नव्या शेजाऱ्यांच्या देखत, 'मोडक्या चाळण्या' असं लिहिलेली खोक्यांची रांग उतरली. बाई रडायच्या बाकी राहिल्या.

"बाई, आत नेऊन मोजून घ्या," मामा म्हणाला. "चमचा जरी कमी निघाला तर माझं नाव बदला."

चमचा कमी निघाला नाही. बाई मात्र त्या आळीत कायमच्या चाळणीवाल्या बाई झाल्या.

त्याची भाची त्याच्याच घरात वाढली. लग्न त्याने केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "सगळ्यांची घरं हलत होती, मला वेळ कुठे होता." भाचीला आता पोरगी झाली होती, दीड वर्षाची. भोकाड पसरलं की वरखालचे सगळे मजले जागे व्हायचे म्हणून तिचं नाव टिटवी पडलं. टिटवीला दूध चालायचं नाही. थेंबभर पोटात गेलं तरी अंगभर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे आणि सगळी वरात दवाखान्यात. तिच्यासाठी पथ्याचं एक पेय होतं, छोट्या बंद बाटल्यांतून येणारं. ते औषधवाल्याकडे आधी सांगून मागवावं लागायचं. टिटवी तेवढंच प्यायची. वर भात, केळं वगैरे चिवडायची, पण जीव त्या बाटलीवर.

भाचेजावई फरशा विकायचे. त्या वर्षी त्यांनी इतक्या फरशा विकल्या की कंपनीने त्यांना कुटुंबासह जहाजाची सफर बक्षीस दिली. त्यांच्या आई सोबत जायच्या होत्या, पण त्यांच्या गुडघ्यांनी आयत्या वेळी अंग काढून घेतलं. रिकाम्या जागेवर मामाची वर्णी लागली. जन्मभर त्याने दुसऱ्यांना पोचवलं होतं, स्वतः कुठे पोचायची ही पहिलीच वेळ. भाचीने त्याला नवे जोडे घेऊन दिले आणि बजावलं, "मामा, तू फक्त टिटवीच्या पेयाचं बघायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

जहाजवाल्यांचा नियम असा की बाहेरचं खाणंपिणं आणायचं नाही. लहान मुलाचं पथ्याचं पेय असेल तर ते वेगळ्या खोक्यात, वर स्पष्ट लिहून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणायचं आणि जहाजावरच्या दवाखान्याशेजारच्या थंड खोलीत जमा करायचं.

स्पष्ट लिहून, हे वाचून मामाला घाम फुटला. जी वस्तू वाटेत दुसरीकडे कुठे मिळायची नाही, ती नाव लिहून अख्ख्या बंदरातून मिरवत न्यायची, म्हणजे चोराला घरचा पत्ता देण्यातलाच प्रकार. त्याने सारख्या मापाची दोन खोकी घेतली. एकात बाटल्या भरल्या, एकेक कागदात गुंडाळून, आणि वर लिहिलं 'जुने जोडे'. दुसऱ्यात आपले खरोखरचे जुने जोडे भरले, वजनाला वर्तमानपत्रांचे गठ्ठे घातले आणि वर लिहिलं 'बाळाचं पथ्याचं पेय. नाजूक.' डॉक्टरांची चिठ्ठी त्यावरच चिकटवली. जहाज एकदा सुटलं की गुपचूप अदलाबदल करायची, असा बेत. घरात बोलला नाही. घरमालकाला सांगितलं की त्याच्या तोंडावर दिसतं, हा धंद्यातला अनुभव.

बंदरावर सगळं बेतासारखं झालं. चिठ्ठी बघून तपासणीवाल्याने सामानातलं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. वर जहाजाची नर्सबाई वाट बघत होती. तिने मामाचे जोडे दोन्ही हातांवर घेतले, "काळजी करू नका," म्हणाली, आणि थंड खोलीत औषधांच्या शेजारी नेऊन ठेवले.

खोलीत सामान लागलं. टिटवीची प्यायची वेळ झाली होती, ती सूर लावू लागली.

"मी नर्सबाईकडून एक बाटली आणते," भाची म्हणाली.

"तिथे नको जाऊ," मामा म्हणाला. "त्यात माझे जोडे आहेत."

भाचीने त्याच्याकडे पाहिलं. ती त्याच्याच घरात वाढलेली, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "तू पुन्हा तेच केलंस," ती म्हणाली. "मग बाटल्या कशात आहेत?"

"'जुने जोडे' लिहिलंय त्यात. कुठे ठेवलंत ते खोकं, जावईबापू?"

जावई बॅगेच्या चेनशी खेळत होते. ते खेळतच राहिले.

"अहो, मामा काय विचारतोय?"

"ते खाली राहिलं," जावई म्हणाले.

"राहिलं म्हणजे?"

"ठेवलं. खांबापाशी. कचऱ्याच्या डब्याजवळ. ढकलगाडी भरली होती, कंपनीचे साहेब मागे उभे होते, आणि वर ठळक अक्षरात जुने जोडे." त्यांनी घसा साफ केला. "मला वाटलं, मामांना नवे घेतलेत."

टिटवीने आता वरचा सूर धरला. बाहेर भोंगा झाला. भाचीने पोरगी कडेवर घेतली.

"मी जातो खाली," जावई उठले.

"बसा," मामा म्हणाला. "तुम्ही मागे राहिलात तर साहेबाला काय सांगायचं? मी राहिलो तर विचारणारं कोण आहे." आणि तो निघालाही. शिडीवरचा रखवालदार म्हणाला, "आजोबा, दार बंद व्हायची वेळ झालीय. उतराल, पण वर येता येईल असं नाही." मामाने मान हलवली आणि उतरला. नवे जोडे टाचेला चावत होते.

खोकं खांबापाशीच होतं. त्यावर एक हमाल बसला होता.

"उठा राव. माझं आहे."

"काय आहे यात?"

"वाचता येत नाही का?"

"वाचलं म्हणून तर बसलो. दुसरं काही असतं तर उठवायला मालक आला असता." हमाल उठला. "मघाशी इथूनच एकाची कोरी करकरीत बॅग गेली. तो बघा, पोलिसाला रंग सांगतोय. तुमच्या जोड्यांना कुणी नखसुद्धा लावलं नाही."

"लावत नाहीत," मामा म्हणाला. अशा वेळीही त्याला बरं वाटलं. त्याने खोकं खांद्यावर घेतलं.

"जोडे भलतेच जड दिसतात," हमाल म्हणाला.

"पाय मोठे आहेत."

तपासणीवाला तोच होता. या वेळी मात्र त्याने पडद्याकडे नीट पाहिलं.

"लिहिलंय जोडे. दिसतायत बाटल्या."

"बाळाचं पेय आहे."

"चिठ्ठी?"

"दुसऱ्या खोक्यावर आहे."

"त्यात काय आहे?"

"जोडे."

तपासणीवाला त्याच्याकडे बघत राहिला. दारूच्या बाटल्या लोक कशाकशातून नेतात याचा त्याला दांडगा अनुभव असावा. "उघडा," तो म्हणाला.

मामा गाठीला हात घालणार तोच दुसरा भोंगा झाला. ती गाठ सावकाश सोडायची होती, ती तशीच मारलेली होती. जन्मात त्याने आपली सुतळी कापली नव्हती.

"कापा," मामा म्हणाला.

तपासणीवाल्याने सुतळी कापली. एक बाटली काढली, उलटसुलट केली आणि मामापुढे धरली. "प्या."

मामा उभ्या उभ्या प्यायला. भिंतीचा चुना पाण्यात कालवून त्यात पुठ्ठा भिजत घातला तर जी चव येईल, तीच. तोंड वाकडं केलं तर संशय येईल म्हणून त्याने बाटली तळापर्यंत संपवली आणि ओठ पुसले.

"चव कशी आहे?" तपासणीवाल्याने विचारलं.

"पोरगी रोज पिते," मामा म्हणाला. "तिचं कौतुक वाटतं."

तपासणीवाल्याने हाताने जा म्हटलं.

शिडी उचलली होती. खाली, जहाजाच्या पोटाशी, कामगारांचं लहान दार तेवढं उघडं होतं. तिथे भाची आणि नर्सबाई उभ्या होत्या, आणि वर कुठेतरी टिटवी सगळ्या जहाजाला आपली ओळख करून देत होती. उतारूंची यादी बंद झालीय, माणूस घेता येणार नाही, औषध तेवढं घेता येईल, असं नर्सबाईने आधीच सांगून ठेवलं होतं.

"खोकं घे," मामा म्हणाला. "सुतळी कापलेली आहे, खालून हात दे."

नर्सबाईने अक्षरं वाचली. "हे तर जुने जोडे आहेत."

"बाळाचं पेय आहे," भाची म्हणाली.

"मग थंड खोलीत ठेवलंय ते काय?"

भाचीने क्षणभर मामाकडे पाहिलं.

"तेही पेयच आहे," ती म्हणाली. "ते नंतरचं. त्याला हात लावू नका."

"मामा, आणि तू?" ती मग हळूच म्हणाली.

"घराची किल्ली माझ्याकडेच आहे. जा, पोरगी उपाशी आहे."

दार लागलं. मामा तिथल्या बाकावर बसला आणि आधी नवे जोडे काढले. थोड्या वेळाने वरचा आवाज थांबला, एकदम, तोंडात बाटली गेल्यावर थांबतो तसा. मग मामा उठला आणि जोडे हातात धरून घरी आला.

सफरीवरून सगळे परतले तेव्हा जावयांनी आधी मामाचं खोकं आणून त्याच्यापुढे ठेवलं. त्यावर जहाजाच्या दवाखान्याच्या तीन चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. रोज थंडावा तपासल्याची सही होती.

"मामा, मी विचारायला हवं होतं," जावई म्हणाले.

"खोक्यावर लिहिलेलं होतं. तुम्ही वाचलंत. वाचणाऱ्याचा काय दोष." मामाने गाठ सोडली, सावकाश. जोडे बाहेर काढले, पायात घातले, खोलीत एक फेरी मारली.

"कसे आहेत?"

"गार आहेत. पण टिकलेत."

"शेवटच्या दिवशी एक बाटली कमी पडली," भाची म्हणाली. "तू मोजून भरल्या होत्यास ना? आम्ही उतरेपर्यंत केळ्यांवर भागवलं. आता काय, नाव बदलायचं तुझं?"

"ती मी प्यालो."

"तू?"

"तपासणीला."

भाचीला हसू आवरेना. तेवढ्यात टिटवी दुडदुडत आली, मामाच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि रिकाम्या खोक्यावर थाप मारून म्हणाली, "जोडे."

"काय म्हणते ही?"

"अहो, ती भूक लागलीय म्हणते," जावई म्हणाले. "सगळी सफर आम्ही हिच्यादेखत त्याच खोक्यातून बाटली काढायचो. जोड्यांचं खोकं आण, जोडे संपत आले, हेच बोलणं. आता ही बाटलीला जोडे म्हणते. परवा जेवणाच्या मोठ्या दालनात साहेबांच्या बायकोपुढे जोडे द्या म्हणून लोळण घेतली. त्या बाई आमच्याकडे बघत राहिल्या."

"शिकवून बघितलं," भाची म्हणाली. "ऐकत नाही."

मामाने टिटवीला उचललं, औषधवाल्याकडून आणून ठेवलेली बाटली उघडली आणि तिच्या हातात दिली.

"राहू दे," तो म्हणाला. "काय पिते ते बाहेर कशाला कळायला हवंय."