पिवळ्या झाकणाचा डबा

मखमलाबादच्या त्या गल्लीत कुणाला कणकण आली की आधी डॉक्टर आठवायचा नाही, कुसामावशी आठवायची. रेशनकार्डावर ती कुसाबाई. माहेर निफाडकडचं, शिक्षण चौथी, आणि रुबाब मात्र सिव्हिल सर्जनचा. नाशकातल्या एका लहानशा दवाखान्यात तिनं बावीस वर्षं मावशीची नोकरी केली. चादरी बदलायच्या, पेशंटला उठवून बसवायचं, भांडं द्यायचं-घ्यायचं. नोकरी सुटली तेव्हा सगळ्यांनी तिला नारळ आणि साडी दिली. तिनं स्वतःहून आणला होता तो एक डबा.

श्रीखंडाचा डबा, पिवळ्या झाकणाचा. पेशंट घरी जाताना गोळ्यांची अर्धी पाकिटं कपाटावर सोडून जायचे. बरं वाटलं की औषध नको, ही आपल्या लोकांची जुनी खोड. मावशी जिन्यापर्यंत त्यांच्या मागं जायची. "ओ दादा, कोर्स पुरा करा! मधी सोडू नका!" दादा कशाला ऐकतोय? मग ती पाकिटं केरात टाकायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. अन्न टाकू नये तसं औषधही टाकू नये, एवढंच तिला कळत होतं. ती सगळी पदराला बांधून घरी यायची आणि डबा भरत जायचा. गल्लीतलं कुणीही यावं, "मावशी, दाढ ठणकतेय" म्हणावं, आणि दोन गोळ्या घेऊन जावं. लोक तिला अर्धी डॉक्टरीण म्हणायचे. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

भुंग्या हा कुत्रा तिला दवाखान्याच्या जिन्याखाली सापडला. काळा कुळकुळीत, एक कान कायमचा पडलेला. त्याच वर्षी तिचा नवरा गेला होता. मुलगा दीपक सातपूरला कंपनीत, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी. घरात बोलायला माणूस नाही. दीपकशी ती दिवसभरात दहा वाक्यं बोलत असेल तर भुंग्याशी शंभर. भाजी महागली हेही त्यालाच सांगायची, आणि दीपक लग्नाचं मनावर घेत नाही हेही. तो पडलेला कान हलवायचा. तिला तेवढं पुरायचं.

आता आपल्याकडे घरातलं उरलंसुरलं कुत्र्याचं. शिळी भाकरी, भाताची खरवड, वरणाचं तळ. कुसामावशीनं त्यात औषधाची भर घातली. भुंग्याच्या पोटावर अधूनमधून पुरळ उठायचं, खाजवून खाजवून तो हैराण व्हायचा. मग डबा निघायचा. हाताला लागेल ती गोळी, अर्धी मोडून, गुळात घोळून भाकरीच्या तुकड्यात. दोन दिवसांत पुरळ सुकायचं आणि तिसऱ्या दिवशी पाकीट परत डब्यात. असं वर्षातनं चार-पाचदा, आणि सलग आठ वर्षं. जी बाई जिन्यापर्यंत माणसांच्या मागं ओरडत गेली, तिला आपल्या कुत्र्याचा कोर्स कधी आठवला नाही. कुत्र्याला कुठे कोर्स असतो!

गेल्या थंडीत मटणाच्या दुकानामागे कुत्र्यांची जुंपली आणि एका दांडगटानं भुंग्याची मागची मांडी फाडली. मावशीनं जखम धुतली, हळद भरली, डबा उघडला. चार दिवस झाले, पाय सुजून दुधीसारखा झाला आणि पू वाहायला लागला. पाचव्या दिवशी तिनं शेजारच्या उज्वलाच्या नवऱ्याची रिक्षा बोलावली आणि भुंग्याला पेठरोडवर जनावरांच्या डॉक्टर मनीषाताईंकडे नेलं.

तरुण बाई, पण हात सावकाश चालणारा. जखम बघता बघता त्यांनी विचारलं, "मावशी, याआधी काही गोळ्या दिल्यात का? आठवून सांगा."

"नाय ताई. हळद लावली फक्त."

कसं निघालं ते तिच्या तोंडून! बावीस वर्षं ती डॉक्टरांच्या पाठीशी उभी राहिलेली. त्यांच्यासमोर अडाणी ठरणं तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ताईंनी विश्वास ठेवला आणि गोळ्या हातात दिल्या. चंदेरी पाकीट, कडेला हिरवी रेघ. मावशीनं ते बघताक्षणी ओळखलं. असलीच तीन पाकिटं तिच्या डब्यात होती आणि त्यातल्या चार दिवसांच्या गोळ्या भुंग्याच्या पोटात गेल्या होत्या. तरी ती गप्प राहिली आणि पिशवी उचलून घरी आली.

त्या गप्प राहण्यात आठवडा गेला. भुंग्या उभा राहीनासा झाला. ताईंनी जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेऊन तपासणीला पाठवला. पाचव्या दिवशी कागद आला. तो त्यांनी दोनदा वाचला.

"पंधरा औषधं लावून बघितली, मावशी. तेरा चालत नाहीत. हे जंतू औषधं कोळून प्यालेत. आणि हे एका दिवसात होत नाही."

मावशीनं पिशवीत हात घातला. गेले तीन दिवस ती डबा बरोबर घेऊन फिरत होती आणि काढायचा धीर होत नव्हता. तिनं तो टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. ताईंनी आत बघितलं, मग भुंग्याकडे बघितलं. त्या एका शब्दानंही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"किती वर्षं?"

"आठ. खाज थांबली की बंद करायचे." मग ती आपणहून म्हणाली, "साप अर्धमेला सोडू नये म्हणत्यात. मी आठ वरसं तेच केलं का वो?"

"हो मावशी. प्रत्येक वेळी कमजोर जंतू मेले, चिवट तेवढे उरले. त्यांचीच पिलावळ आता ह्या पायात आहे."

उरली होती दोन औषधं. एक माणसांसाठी राखून ठेवलेलं, मोठ्या इस्पितळांत, जिथं दुसरं काही चालत नाही तिथं द्यायचं. "ते मी कुत्र्याला देणार नाही," ताई म्हणाल्या. मावशीनं मान हलवली, तिला ते पटलं. दुसरं रोजचं इंजेक्शन, तीन आठवडे. पण ते मूत्रपिंडाला जड, आणि भुंग्या अकरा वर्षांचा. "जखम बरी करेल. मूत्रपिंडं किती सोसतील ते मला सांगता येत नाही. दर चार दिवसांनी रक्त बघू."

"द्या," मावशी म्हणाली.

रोज सकाळी दहाला रिक्षा, रोज इंजेक्शन, रोज सलाईन. मावशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. आठव्या दिवशी सूज उतरली. नवव्या दिवशी भुंग्या चार पायांवर उभा राहिला आणि दाराशी आलेल्या दीपकवर भुंकला. घरात दिवाळी झाली जणू! दीपक म्हणाला, "आई, झाला की बरा. बास आता, किती टोचायचं त्याला?"

मावशीच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! "बास? तू बास म्हणतो? बास बास म्हणूनच ही पाळी आली माझ्यावर! एक दिवस चुकवायची नाय मी, एक दिवस!" दीपक आत गेला.

पंधराव्या दिवशी भुंग्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. सोळाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. रक्ताचा कागद बघून ताईंनी इंजेक्शन तिथल्या तिथं बंद केलं. चार दिवस नुसती सलाईन चालली. ताई रविवारीसुद्धा दवाखाना उघडून बसल्या. मूत्रपिंडं सावरली नाहीत.

भुंग्या भर दुपारी गेला, उंबऱ्यावर, मावशीच्या पायावर हनुवटी ठेवून. मग तिनं त्याच्या मांडीवरची पट्टी सोडून बघितली. जखम कोरडी होती. कडेनं काळे केस उगवायला लागले होते.

गल्ली समजूत घालायला आली. मुकं जनावर होतं, वय झालं होतं, त्या दांडग्या कुत्र्याचं वाटोळं होवो.

पंधरा दिवसांनी उज्वला दारात आली. तिची कुत्री चिंगी, पोटावर पुरळ उठलेलं. "मावशी, तुझ्या डब्यातली ती खाजेची गोळी दे ना. दोन पुरे होतील."

"डबा नाय आता. ताईंकडं दिला, त्यांनी नष्ट करून टाकला."

"अगंबाई! कशापायी?"

दोन-चार बायका नळावर होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मावशी म्हणाली, "भुंग्याला कुणी मारलं ठाव हाय का तुला?"

"त्या मटणवाल्याच्या कुत्र्यानं ना?"

"नाय. मी मारलं. ह्याच गोळ्या दिल्या, दोन पुरे म्हणून. आठ वरसं. मग त्याला लागायचं औषध उरलंच नाय. वर ताईंनी विचारलं तवा खोटं बोलले. लय जीव लावला गं मी त्याला. आन असा मारला."

नळ वाहत राहिला, कुणी बंद केला नाही. मावशीनं डोळे पुसले आणि चप्पल घातली. "चल. चिंगीला घे. मी येते संगं."

ताईंनी चिंगीला एकवीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्याच दिवशी पुरळ गेलं आणि उज्वला म्हणाली, "झालं की गं मावशी." संध्याकाळी तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा एक चतकोर आणि गुळाचा खडा घेऊन मावशी उज्वलाच्या दारात आली आणि गोळी त्यात घोळून तिनं चिंगीला भरवली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. चिंगी मग तिची वाट बघायला लागली.

एकविसाव्या दिवशी चिंगीनं शेवटची गोळी गिळली. मावशीनं रिकामं पाकीट हातात घेऊन त्याचा एकेक खड्डा अंगठ्यानं दाबून बघितला. एकही उरली नव्हती.

"मावशी, रोज तुझ्या घरची भाकरी कशाला आणलीस? माझ्याकडं नव्हती का?" उज्वलानं विचारलं.

"सवयीनं चतकोर जास्त होतो," मावशी म्हणाली. "भुंग्याचा हाय तो."