घरातल्या सगळ्यांनी टोचून घ्या

भूकंपानंतर आईनं कित्येक महिने आम्हाला अंगणातच झोपवलं. छतावरचा तिचा विश्वास उडाला तो उडालाच. पुढं माझं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हिला फ्लूची लस देऊ, पण ती पुरती लागू पडेलच असं नाही. घरातल्या सगळ्यांनी टोचून घ्या."

लातूरच्या आमच्या घरात वरच्या खोल्यांत मेडिकलच्या क्लासची पोरं भाड्यानं राहायची, जेवायची आमच्याकडेच. आईच्या लेखी तीही घरातलीच. दवाखान्यात आधी तिनं स्वतःची बाही वर केली, मग एकेकाला पुढं ढकललं. एकजण काही केल्या हात पुढं करेना.

"डाक्टर व्हायला आलास अन् सुईला भितूस? टोचून घे, न्हाईतर आज जेवण न्हाई!"

दरवर्षी हाच तमाशा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलायचे नाही.

आई गेली, खोल्याही रिकाम्या झाल्या. आता घरात मी एकटीच. लस मात्र दरवर्षी घेते. डॉक्टर अजून विचारतात, "घरातल्या सगळ्यांनी घेतली का?"

"सगळ्यांनी," मी म्हणते आणि बाही वर करते.