ताईची किडनी, माझी मांडी

“वूंड डिहिसन्स,” सर्जन म्हणाले. म्हणजे किडनी बसवलेल्या जागेचे टाके उलगडले होते. एक तर माझा मधुमेह, त्यात शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळ्या, जखम भरेचना. किडनी काम करत होती, पण उघडी पडली होती. जंतू तिथवर पोचले तर ती काढून टाकावी लागणार होती.

किडनी माझ्या थोरल्या बहिणीची. पिंपळगावला, सासरी, ताई नुकती हिंडूफिरू लागली होती. तिला मी फोनवर सांगत राहिलो, “एकदम मस्त चाललंय.” बहिणीच्या सासरहून आलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, असं आमच्याकडचं वळण. ते मी किडनीलाही लावलं!

खरं तर मला लाज वाटत होती. आमची मखमलाबादला गुलाबाची शेती, आणि माझ्या खाटेशी येणारा माणूस जखमेच्या वासानं नाकाला रुमाल लावायचा. आजवर ताईला साडीचोळी करणारा मी. एकदाच तिच्याकडून घेतलं, तेही मला सांभाळता आलं नाही.

एके दुपारी ताई न कळवताच पेढे घेऊन दवाखान्यात आली. जखमेतलं पाणी ओढणारं यंत्र माझ्या पोटाला लावलेलं होतं. पेढ्यांचा पुडा तिनं पिशवीतून काढलाच नाही.

“मला परकी केली व्हय रे?” एवढंच म्हणाली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

प्लास्टिक सर्जननी ‘फ्लॅप’ करायचं ठरवलं. मांडीचं मांस आणि कातडी, रक्तवाहिनी न तोडता, वर वळवून किडनीवर बसवायची. तो तुकडा काळा पडला तर सगळंच फुकट. ताई घरी गेली नाही, माझ्याजवळच थांबली. तुकडा जगला. किडनी वाचली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं करा. ज्यानं अवयव दिला, त्याच्यापासून जखम लपवू नका.

लाज मात्र लगेच गेली नाही. घरी आल्यावर ताईनं जखम बघायला मागितली, तर मी सदरा खाली ओढला. मांडीची कातडी ओटीपोटावर आली होती, आणि तिच्यासोबत मांडीचे केसही.

“बघू दे. माझी हाय ती.”

तिनं वाकून निरखून पाहिलं. मग पदर तोंडाला लावला.

“अरे, माझ्या किडनीला मिशा फुटल्या की!”

दोघंही पोट धरून हसलो. सदरा खाली ओढायचं मी विसरलो.