नरम ऊन

फरीदाबादच्या लालाजींनी मला पहिलं काम दिलं ते भर मे महिन्यात, आणि तेही लोकरीच्या कार्डिगनच्या फोटोंचं. थंडीचा माल उन्हाळ्यातच दाखवायला काढतात, हे मला तेव्हा कळलं. त्या वर्षीचा उन्हाळा काय सांगू. पाय भाजतात म्हणून नोएडातले कावळे आळीपाळीने एकमेकांच्या पाठीवर बसत होते. मी पाहिलंय.

मी राहायचो ताईकडे, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांनी बजावलं होतं, "हे फोटो फसले तर पहिल्या तारखेपासून माझ्या मित्राच्या गोदामात बसायचं. कॅमेरा कपाटात. बिल्कुल वाद नको." ताई मध्ये पडली म्हणून ही एक संधी तरी मिळाली. आणि मॉडेलही तीच. लालाजींचं मत असं, की घरच्या बाईचं कार्डिगन घरच्या बाईनेच घालावं. अडचण एकच. ताईचा पुढचा दात जरा तिरका, त्यामुळे हसू आलं की हात तोंडावर. लग्नाच्या अल्बममध्ये ती पानोपानी खोकला आल्यासारखी दिसते.

माझ्याकडे दिवे नव्हते. सूर्य होता, तोही सगळ्यांत मिळून एकच. म्हणून कोवळ्या उजेडात काम उरकायचं ठरवून आम्ही पहाटेच नोएडाच्या एका नव्या सेक्टरात पोचलो. सेक्टर म्हणजे रुंद रस्ते, रिकाम्या प्लॉटवरच्या पाट्या आणि फुललेला एक बहावा. माणसं अजून यायची होती. लालाजीही यायचे होते. वाटेत साऱ्या नातेवाइकांना नवी गाडी दाखवत ते माल घेऊन आले, तोवर सूर्य चांगलाच तापला होता. ताईच्या डोळ्यांखाली, नाकाखाली काळ्या सावल्या, आणि उरलेला चेहरा पत्र्यासारखा चमकत होता.

मी घाबरलो, आणि घाबरलं की माझी जीभ माहेरी पळते. उन्हाला 'धूप' हा हिंदी शब्द मला येत होता, पण धूप म्हटलं की मला देवघरातला धूर दिसतो. मी म्हणालो, "लालाजी, ये ऊन बहुत कड़क लगता है. चेहरा खराब दिखता है. नरम ऊन चाहिए."

लालाजी थिजले. मी ऊन पुल्लिंगी केलं होतं, पण हिंदीत मराठी माणसाचं लिंग चुकायचंच, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. "कड़क? हमारी ऊन? हाथ लगाके देख. मक्खन है."

"लगा ही है, लालाजी. जल रहा है."

"ऊन से?"

"सबका जलता है. दोपहर में तो आदमी मर भी जाता है."

लालाजींनी गाडीची डिकी उघडली. "बहनजी, कार्डिगन उतार दीजिए. ऐसी बेइज़्ज़ती हमारे माल की आज तक नहीं हुई." मला गोदामाचा वास यायला लागला.

ताई घामाने निथळत होती, तरी गोंधळ तिलाच कळला. "अरे वेड्या, यांच्याकडे ऊन म्हणजे लोकर." मग आभाळाकडे बोट करून ती लालाजींना म्हणाली, "भाईसाब, हमारे यहाँ उसको ऊन बोलते हैं."

लालाजींनी सूर्याकडे पाहिलं, मग कार्डिगनकडे, मग माझ्याकडे. आणि असे हसले, की दोन सेक्टर पलीकडची कुत्री उठून बसली.

बसायला म्हणून ताईने घरची पांढरी चादर आणली होती. तिची एक बाजू मी प्लॉटच्या पाटीला बांधली. दुसरी खुद्द लालाजींनी धरली, चवड्यांवर उभं राहून, हात उंच करून. चादरीतून गाळून आलेला उजेड ताईच्या चेहऱ्यावर दुधासारखा उतरला.

"अब नरम हुआ ऊन?" लालाजींनी विचारलं. पुल्लिंगीच.

ताईला हसू फुटलं. हात कार्डिगनच्या खिशांत होते, ते तोंडापर्यंत पोचायच्या आत मी बटण दाबलं.

लालाजींनी कॅटलॉगवर पहिला तोच फोटो घेतला. दाजी जेवताना तो बघत बसले, वरण गार झालं तरी. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "याची मोठी कॉपी काढून दे. आमच्या अल्बममध्ये ती अशी कुठेच नाहीये." गोदामाचं नाव पुन्हा निघालं नाही.

फोटो बाहेरच्या खोलीत लागला. येणारा पाहुणा विचारतो, "शिमला का?" ताई पापणी न हलवता सांगते, "मनाली. आदल्याच रात्री बर्फ पडला होता." आणि लोक मला विचारतात, थापा मारायला कुठे शिकलास.