पुस्तकात खाडा नव्हता

"पुन्हा म्हण," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा म्हणाले, "बाईपन."

"पन नाही गं. पण. बाईपण. जीभ वळव जरा."

मी जीभ वळवली. कुणीतरी फसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. बाईंनी हातानं थांबवलं सगळ्यांना, आणि मला म्हणाल्या, "वाच, वाच. पुढं वाच."

आष्टीला बाजारपेठेत, कापडदुकानाच्या वर एक वाचनालय होतं. मी तिथं शिपाई. झाडायचं, पेपर लावायचे, पुस्तकं कपाटात ठेवायची. गुरुवारी दुपारी तिथं महिला वाचन मंडळ भरायचं. वकिलीणबाई, डॉक्टरीणबाई, हायस्कुलातल्या शिक्षिका. मधोमध वाचनालयाच्या अध्यक्षांच्या सूनबाई. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. घरी जमीन, राजकारण, दारात जीप. त्या दिवशी चहा देताना टेबलावरच्या उघड्या पुस्तकावर माझी नजर रेंगाळली. तेवढं त्यांनी पाहिलं. वाचता येतं का म्हणून विचारलं. बारावी झालेय म्हणाले, तर पुस्तक माझ्या हातात दिलं आणि उभ्यानं वाचायला लावलं.

बाईनं ताठ मानेनं जगावं, असं त्या पानावर लिहिलं होतं. दर ओळीत एक ण होता. शिक्षण, कारण, शोषण. प्रत्येक ण-ला मी पडले. माझ्या आईच्या तोंडात ण नव्हता. वस्तीवर कुणाच्याच नव्हता. आमच्याकडं पानी प्यायचं असतं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की आपण बोलतो ते हसण्यासारखं असतं.

पान संपवलं. कप गोळा केले. खाली मोरीवर बसून धुतले.

पण पुस्तक सोडवेना. दुपारी वाचनालयात कुणी नसायचं तेव्हा मी ते वाचून काढलं. मग त्याच्या शेजारचं. मग बायकांच्या आजारांवरचं एक जाड पुस्तक, चित्रांसकट. पहिल्या पुस्तकात लिहिलं होतं, बाईनं घराचा उंबरा ओलांडून कामाला बाहेर पडावं, तिथून तिची सुटका सुरू होते. मी ते वाचून थांबले. माझी आई मला आठवतं तेव्हापासून बाहेरच होती. दसरा झाला की ट्रकमधे बसून साखर कारखान्याला, ऊस तोडायला. अर्धं वर्ष कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत. नवरा-बायको मिळून एकच कोयता, म्हणजे एकच मजूर धरायचे आणि मुकादमाची आगाऊ उचल बापाच्या हातात पडायची. कसली सुटका? ह्या लिहिणारीनं माझ्या आईला पाहिलेलंच नव्हतं.

आणि त्याच पुस्तकात पुढं एक ओळ होती. बाईचं अंग तिचं स्वतःचं असतं. असं कुणी मला आजवर सांगितलं नव्हतं. ती ओळ मी घरी जाताना एस्टीत मनातल्या मनात म्हणत राहिले.

माझी थोरली बहीण, आक्का, शिरूर कासारकडं दिली होती. तीही ऊसतोडीला जायची. त्या उन्हाळ्यात ती आमच्याकडं आली ती पोट धरूनच. अंगावरून पांढरं जात होतं. त्या वर्षांत आष्टीत सगळंच नवं निघत होतं. एसटीडी बूथ, केबल, खाजगी दवाखाने. अशाच एका दवाखान्यात मशीन लावून बघितलं आणि डॉक्टरनं सांगितलं, गर्भाच्या पिशवीला सूज हाय, काढून टाका, न्हाई तर कॅन्सर होईल. आक्काला दोन लेकरं झालेली. वय पंचविशीच्या आतबाहेर.

मी ते जाड पुस्तक थैलीत घालून घरी आणलं. आक्काला चित्र दाखवलं. म्हणाले, ह्याच्यात लिहिलंय, आधी गोळ्यांनी बरं होतंय का ते बघतात. लगेच काढत नाहीत. काढलं की हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते.

आक्कानं चित्राकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मग म्हणाली, "आन खाडा? त्यो लिव्हलाय का तुझ्या पुस्तकात?"

पाळीत पोट दुखून ती एक दिवस उसाच्या फडात गेली नाही, तर मुकादम त्याचा खाडा धरायचा. मजुरी जायची आणि वर दंड. नवरा त्यावरून मारायचा. पिशवीच नसली तर पाळी नाही, खाडा नाही, मार नाही. मी पुस्तक मिटलं. त्यात खाडा नव्हता.

तरी मी दवाखान्यात गेले. तो डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याचाच होता. गुरुवारी माझ्या हातचा चहा पिणाऱ्या त्या काउंटरवर बसल्या होत्या. मी हात जोडून म्हणाले, आधी गोळ्या देऊन बघा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, तुमच्यातल्या बायकांना ते बरंच की," त्या म्हणाल्या. "दर महिन्याची कटकट सुटते."

भावजींनी संमतीच्या कागदावर अंगठा दिला होता. आक्काला कुणी विचारलं नाही. आत पिशवी काढली, मी बाहेर बाकड्यावर बसून राहिले. दुसरं काय करणार होते?

पुढं मंडळात औरंगाबादहून एक प्राध्यापक मॅडम आल्या, स्त्रीवादावर बोलायला. बोलल्या चांगलं. मी भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी बाईंनी मला हाक मारली. "आमची शिपाईसुद्धा वाचते बरं का मॅडम. वाच गं ते पान." दोघीतिघी आधीच हसायला लागल्या होत्या.

"मी न्हाई वाचनार," मी म्हणाले.

बाईंना वाटलं मी लाजतेय. पुस्तक पुढं केलं. मी हात मागं घेतला आणि डॉक्टरीणबाईंकडं वळले.

"माझ्या बहिनीची पिशवी तुमच्या दवाखान्यात काढली. आधी गोळ्या कावून दिल्या न्हाईत, तेवढं सांगा."

कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही काय जागा आहे का बोलायची?" मॅडमनी चष्मा काढला. फार महत्त्वाचा मुद्दा आहे, यावर कधीतरी चर्चा व्हायला हवी, असं म्हणाल्या. मग बाईंनी चहा आणायला सांगितलं. मी जिना उतरून खाली आले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा माणूस येऊन सांगून गेला, उद्यापासून यायचं नाही.

काहीतरी होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. पुढच्या गुरुवारी मंडळानं दुसरं पुस्तक घेतलं. आक्का दसऱ्याला टोळीबरोबर गेली. थंडीतसुद्धा ती कोपीबाहेर उघड्यावर झोपते, अंगाची आग होते म्हणून. मोळी उचलताना कंबर धरते. आता खाडा कंबरेनं पडतो. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो तर लोक तिला माझी आई समजतात.

वाचणं सुटलं नाही. बीडला गेले की जुनी पुस्तकं मिळतात. उघडलं की आधी मी त्यात आक्काला शोधते. बहुतेक ती नसतेच. राग येतो. तरी ठेवून देत नाही. तिच्यासोबत जे झालं त्याला अन्याय म्हणतात, हा शब्द मला तिथूनच मिळाला. वस्तीवर त्याला नशीब म्हणायचे.

हापशावर बायकांना सांगते, आधी गोळ्या मागा. त्या ऐकून घेतात आणि दवाखान्यात जातात. एक म्हणाली, "माझ्या वाटचा ऊस तू तोडशील का?"

शेजारच्या घरातल्या सुनेला उद्या पिशवी काढायला बोलावलंय. त्याच दवाखान्यात. लेकरू अजून अंगावर पितंय तिचं. सकाळच्या एस्टीनं मी तिच्याबरोबर चाललेय. काय काढनार, कावून काढनार, ऱ्हायलं तर काय होईल, हे डॉक्टरनं तिच्या तोंडावर सांगायचं. नवऱ्याला नाही, सासूला नाही, तिला. मला हाकलतील. मी हलणार नाही. सगळं ऐकून ती कदाचित तरीही काढा म्हणेल, आणि काढतील. पण तिला न विचारता कुणी तिच्या अंगाला सुरी लावणार नाही. मी तिथं उभी असेपर्यंत नाही.